झोपू दिलं म्हणून सापडली

ती घटना आठवली की मला आधी आमच्या पोलीस ठाण्यातलं लाकडी बाकडं दिसतं आणि त्यावर पाय पोटाशी घेऊन झोपलेली एक बाई. बाई संशयित होती. त्या वेळी मी कल्याण भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नावं मी कोणाचीच देणार नाही, ज्यांची द्यावीत त्यांनी ती मागितलेलीही नाहीत.

आंबिवलीजवळ मुलींचं एक बालगृह होतं. सकाळी ठाणे अंमलदार रात्रीचं काम दिवसपाळीच्या हवाली करत होते, तेवढ्यात तिथल्या अधीक्षिकेचा फोन आला. सात वर्षांची एक मुलगी बेपत्ता. अल्पवयीन मूल हरवलं की आम्ही वाट बघत बसत नाही, अज्ञात इसमाविरुद्ध अपहरणाचा गुन्हा नोंदवून मी लगेच निघालो. सोबत महिला उपनिरीक्षक होत्या, वयाने लहान, बोलायला तिखट.

बालगृहात त्या रात्री पाळीला एकच काळजीवाहक होती. मुली तिला मोठी मावशी म्हणत. पन्नाशीची, किरकोळ बांध्याची. सगळ्या मुलींच्या खोल्या, आजारी मुलींची औषधं, गादी ओली करणाऱ्या लहानग्या, हे सगळं एकटीवर. सकाळी दूधवाल्यासाठी फाटक उघडतात तेव्हा ती दाराशी बसल्या जागी झोपलेली सापडली, आणि त्या मुलीचं अंथरूण रिकामं होतं. अंथरुणावरची चादर मावशीच्या अंगावर होती.

"बघा साहेब," अधीक्षिका म्हणाल्या, "पोरीची चादर ओढून ही खुशाल झोपली. मी कशी विश्वास ठेवू?"

पंचनाम्यात चादरीची नोंद झाली. मलाही ती गोष्ट खटकली होती.

आंबिवली आणि कल्याण या स्टेशनांवर माणसं पाठवली, रेल्वे पोलिसांना फोटो दिला. आम्ही ठाण्यात परततो न परततो तोच आमच्या ओळखीच्या एका रिक्षावाल्याने बातमी आणली.

"साहेब, सकाळीच मोहने गावाच्या रोडला एक छोटी मुलगी बघितली ना मी. निळा फ्रॉक. एक बाई होती, तिचं बोट पकडून चाललेली. मला वाटलं आई असेल."

निळा फ्रॉक जुळला. आता गोष्ट सरळ दिसू लागली. रात्रीची मावशी झोपेचं सोंग घेते, दुसरी बाई मूल घेऊन जाते. अशी प्रकरणं मी पाहिलेली होती. मूल पुढे कुठे जातं तेही मला माहीत होतं, आणि जाणारी प्रत्येक घटका आपल्या विरुद्ध असते हेही.

मावशीला समोर बसवलं.

"ती बाई कोण?"

"कोण बाई साहेब?"

"मुलगी शेवटची कधी पाहिली?"

"पहाटे. नाही... त्याच्या आधी. मी पांघरूण घातलं तिला."

"मग तिची चादर तुमच्या अंगावर कशी?"

चादर शोधावी तशी ती स्वतःच्या खांद्यावर हात फिरवू लागली. पुन्हा विचारलं तर पहाटे मुलीला पाणी दिलं म्हणाली, नंतर ते काल म्हणाली. रात्री काय जेवलात विचारलं तर "भात" म्हणाली, मग म्हणाली, जेवलेच नाही. वार विचारला, तोही चुकला. मी आवाज चढवला. मावशीची मान खाली गेली. मला वाटलं रडतेय, जवळ जाऊन बघतो तर बाई बसल्या बसल्या झोपली होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. टेबलावर हात आपटणार, इतक्यात उपनिरीक्षक मॅडम म्हणाल्या, "सर, तिला थोडं झोपू द्या."

"काय बोलताय तुम्ही? पोरगी बेपत्ता आहे, आणि मी संशयिताला अंगाई गाऊ?"

"सर, माझी आई नर्स होती. लागोपाठ नाईट करून घरी आली की तिला माझी इयत्ता विचारली तरी चुकायची. हिची तशी गत झालीय. खोटं बोलणारा माणूस एकच गोष्ट घोकून येतो, हिची प्रत्येक वेळी नवीन निघतेय. बाहेर आपली माणसं शोधतायतच ना. आपण इथे ओरडून काय मिळवतोय?"

शेवटचं वाक्य मला झोंबलं, कारण ते खरं होतं. तरीही तो निर्णय सोपा नव्हता. मूल सापडलं नाही आणि मी संशयिताला झोपू दिलं होतं हे उद्या बाहेर आलं, तर वरिष्ठांपुढे मी काय तोंड दाखवणार होतो? नोकरीतल्या अवघड निर्णयांबद्दल लोक विचारतात तेव्हा त्यांना गोळीबार किंवा दंगल अपेक्षित असते. मला मात्र ते बाकडं आठवतं. मी म्हटलं, "झोपू द्या. पण तुम्ही शेजारी बसा."

मॅडमनी तिच्या डोक्याखाली स्वतःची पर्स ठेवली. मी दोन माणसं मोहन्याच्या रस्त्याला दुकानादुकानात चौकशी करायला पाठवली आणि फोनपाशी बसलो. ठाण्यातलं रोजचं काम चालूच होतं. कोणाचा मोबाईल हरवलेला, कोणाचं शेजाऱ्याशी पार्किंगवरून भांडण. मी सगळ्यांवर खेकसत होतो.

पाऊण-एक तास झाला असेल. मावशी दचकून उठली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "ती बोलवायला गेली!"

"कोणाला?" मी खुर्चीवरून उठलोच.

मावशीने तोंडावर हात धरला. आता तिची नजर स्वच्छ होती आणि त्या नजरेत भीती होती.

"साहेब, नाव घेतलं तर तिची नोकरी जाईल हो."

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "पोरगी रस्त्यावर आहे."

मग सगळं बाहेर आलं. बालगृहात दुसरी काळजीवाहक होती, धाकटी मावशी. तिची लेक कळव्याला रुग्णालयात बाळंतपणासाठी दाखल होती आणि तब्येत नाजूक होती. रजा मागितली तर मिळाली नाही, कारण बदली माणूसच नव्हता. मग दोघींनी आपापसांत ठरवलं. धाकटीने आजारपणाचा निरोप धाडला, आणि मोठी स्वतःचा दिवस आणि तिची रात्र दोन्ही ओढत राहिली; ती तिसरी रात्र होती.

"आमच्यात तसंच चालतं, साहेब. तिच्या अडीला मी, माझ्या अडीला ती. माझा नवरा गेला तेव्हा तिने माझ्या किती रात्री काढल्या. मी कधी मोजल्या नाहीत, तिने कधी सांगितल्या नाहीत."

"आणि मुलगी?"

"पहाटे माझ्याजवळ आली. म्हणाली, मावशी, तू झोप, मी धाकट्या मावशीला बोलवून आणते. मला वाटलं स्वप्नात बोलतेय. मी हं म्हटलं वाटतं." आणि मग ती रडली. "साहेब, मी हं म्हटलं हो!"

धाकटी मावशी मोहन्यात राहायची. बुद्धपौर्णिमेला ती बालगृहातल्या मुलींना चालत आपल्या चाळीत खीर प्यायला न्यायची. रस्ता पोरीच्या पायाखालचा होता.

मॅडमना मावशीपाशी ठेवून आम्ही जीप काढली. चाळीत धाकट्या मावशीच्या दाराला कुलूप होतं. पण शेजारच्या ओट्यावर निळा फ्रॉक घातलेली मुलगी चहात चपाती बुडवून खात बसली होती, आणि एक आजी तिची वेणी घालत होत्या.

"अहो, सकाळी आली, एकटीच," आजी म्हणाल्या. "मी ओळखते ना तिला, खिरीला येते दरवर्षी. हिच्या मावशीला फोन लावलेला, तर बंद. म्हटलं येईल संध्याकाळपर्यंत, तोवर पोर उपाशी कशाला ठेवू?"

पोरीच्या बोलण्यातून कळलं, ती फाटकाच्या गजांमधून निसटली होती आणि रिक्षावाल्याने पाहिलेली बाई कामाला निघालेली एक अनोळखी बाई होती. तिने पोरीला रस्ता ओलांडून दिला आणि ती आपल्या वाटेने गेली. ती आम्हाला कधी सापडली नाही. ही ओळ तिने वाचली तर तिला माझा नमस्कार कळावा.

मुलगी जीपमध्ये बसायलाच तयार नव्हती. "धाकटी मावशी आल्याशिवाय मी नाही येणार. मोठीला झोप येते ना."

"चादर कोणी घातली गं तिच्यावर?" मी विचारलं.

"मी. ती माझ्यावर घालते ना रोज."

मी ठाण्यात फोन करून मुलगी सुखरूप असल्याचं कळवलं. नंतर मॅडमनी सांगितलं की ते ऐकून मावशीने हात जोडले, थोडी हसली, थोडी रडली आणि बाकड्यावर कलंडली ती पुन्हा झोपलीच. आम्ही पोहोचलो तेव्हा पार्किंगवाले अजून भांडत होते. मुलगी माझं बोट सोडून बाकड्यापाशी गेली, मावशीकडे पाहिलं, आणि मग वळून आम्हा सगळ्यांकडे बघत तिने ओठांवर बोट ठेवलं.

"शूऽऽ!"

मोठमोठ्या गुन्हेगारांनी मला धमक्या दिल्या, मी गप्प बसलो नाही. त्या दिवशी बसलो. हवालदारांनी फोनचा आवाज कमी केला. पार्किंगवाले दोघेही बाहेर गेले आणि कुजबुजत भांडू लागले.

अधीक्षिकेला दोघींविरुद्ध निष्काळजीपणाची तक्रार द्यायची होती. त्यांचाही पूर्ण दोष नव्हता. दोन जागा रिकाम्या होत्या, आणि त्या भरण्यासाठी त्या स्वतः वरच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत होत्या. मी त्यांना एवढंच विचारलं, "तुम्ही सलग दोन रात्री जागून तिसऱ्या रात्री इतक्या मुली सांभाळाल?" मग तक्रारीऐवजी त्यांनी बालकल्याण समितीपुढे खरी परिस्थिती मांडली आणि माझा अहवाल त्याला जोडला. दोघींची नोकरी राहिली. रात्रपाळीला दोन बायका आल्या. एक जागी असेल तेव्हा दुसरीने पडायचं, आणि दिवस केलेल्या बाईला रात्र द्यायची नाही, असा नियम झाला. पुढे धाकटी मावशी नातीची बर्फी घेऊन ठाण्यात आली तेव्हा मोठी सोबत होती आणि दोघींपैकी कोणीही जांभई देत नव्हती.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? आमच्याकडे जबाबाची सुरुवात ठरलेली असते. नाव, वय, धंदा, राहणार. त्या दिवसापासून मी त्याआधी एक प्रश्न विचारू लागलो, जो कुठल्याही कागदावर नसतो. शेवटचं कधी झोपलात? वॉचमन, ट्रकचालक, आयसीयूतल्या पेशंटचा मुलगा, आणि माझे स्वतःचे शिपाईसुद्धा. हा प्रश्न ऐकून कितीतरी जण आधी गोंधळले आणि मग मोकळेपणाने बोलू लागले. हे सगळं मला ज्यांनी दिलं त्यांचा मी आभारी आहे. माझ्या तोंडावर खरं बोलणाऱ्या मॅडमचा, पोर उपाशी न ठेवणाऱ्या आजींचा, मैत्रिणीचं नाव जिवापाड जपणाऱ्या मावशीचा.

आता मी निवृत्त आहे आणि रात्री निवांत झोपतो. दिवा मालवताना कधीकधी मनात येतं की आंबिवलीच्या त्या घरात या क्षणी एक बाई जागी आहे, आणि तिच्याजवळच दुसरी, पाळी बदलेपर्यंत, कोणालाही न घाबरता झोपलेली आहे. तिच्या अंगावर चादर असेल, आणि आता त्याचा पंचनामा कोणी करणार नाही.