बकरीची घंटी

रिसोडच्या तहसीलसमोर कडुलिंबाखाली देवमन टायपिस्ट बसायचा. माणूस तापट. अर्ज सांगताना कुणी भलतंच बोलायला लागलं, की मशीनवरून हातच उचलायचा. म्हाताऱ्या बायांचं मात्र शेवटपर्यंत ऐकायचा.

त्र्याहत्तर साली त्याच्या टायपिंग मशीनची घंटी तुटली. ओळ संपत आली की ही घंटी वाजते आणि टायपिस्ट पुढची ओळ धरतो. ती नाही म्हटल्यावर ओळीच्या टोकाची अक्षरं एकावर एक चढून काळा डाग व्हायचा. अर्ज परत यायला लागले. शेवटी त्याच्या बायकोनं, भागिरथानं, बकरीच्या गळ्यातली घंटी सोडून आणली आणि देवमननं ती तारेनं आत बसवली. तिचा खणखणाट पार रस्त्यापर्यंत जायचा. तो झाला, की अर्ज सांगणारा समाधानानं मान डोलवायचा.

दिवाळीनंतर अकोल्याचा मिस्त्री आला आणि त्यानं अस्सल घंटी लावली. तिचा आवाज अगदीच नाजूक. लगेच केनवडच्या गिरजाबाई अर्ज सांगायला बसल्या. दोन-तीन ओळी झाल्या आणि त्या गप्पच झाल्या.

"काहून थांबली, माय?" देवमन खेकसला.

"घंटी नाई वाजली ना, बापू. माह्यं लिवून नाई राह्यला काय?"

देवमननं पेचकस घेतला, नवी घंटी काढून टाकली आणि बकरीची परत बसवायला घेतली.

मिस्त्री चिडला. "अबे, थे बकरीची हाय! हापिसातले लोक हासतीन."

"हासू दे. साहेबाले ऐकू नाई गेलं तरी चालते," तार आवळत देवमन म्हणाला, "बाईले ऐकू गेलं पायजे."