शेंडेकाकांचं पूर्ण चित्र

शेंडेकाका कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगत नसत. खुर्सीपार वस्तीतल्या त्यांच्या घरी पाऊल टाकलं, की "कालचं तुले ठाऊकच हाय, बदल तेवढा सांगतो," अशी सुरुवात व्हायची. कालचं आपल्याला काही म्हणजे काही ठाऊक नसायचं.

पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींच्या सीडी करून द्यायला लागले. हात कुशल, पण स्वभाव तिखट. स्वतःची चूक कबूल करणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं.

मामाच्या लग्नाची कॅसेट घेऊन आई आणि मी त्यांच्याकडे गेलो. बाबा जाऊन दहा वर्षं झाली होती. हलते-चालते बाबा फक्त त्या कॅसेटमध्ये होते, पंगतीत जिलेबी वाढताना, काही सेकंद. आईने ते एकदाच पाहिलं होतं, तेही मामाकडच्या गर्दीत. तिला तेवढाच तुकडा हवा होता. बुरशी लागलेली कॅसेट कशीबशी कॉम्प्युटरमध्ये उतरली आणि लगेच तिची टेप तुटली.

काकांनी बाबा दिसतात तिथूनच नेमकं कापलं. लावून पाहिलं, तर बाबांच्या चेहऱ्याच्या जागी नुसते रंगीत चौकोन. चेहरा जुळेपर्यंत बाबांनी पाठ फिरवली होती. मला रडू फुटलं.

"माही चूक हाय, वहिनी," काका म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं. "सीडीत दर फोटो पूर्न नसते. एक पूर्न ठेवते, पुढच्यात फक्त काय बदललं तेवढंच. काही त मांगचा अन् पुढचा, दोन्ही पाहून भरते. शिफ्टच्या रजिस्टरात नाही का, पह्यला सगळं लिहिते अन् पुढचा म्हनते, 'बाकी वरच्यासारखं'. म्या वरचं पानच फाडलं."

"मंग आता?" आईने विचारलं.

"कॉम्प्युटरात अख्खं हाय अजून, मांगच्या पूर्न फोटोपासून कापतो."

नवा तुकडा आधीपेक्षा जेमतेम श्वासभर लांब झाला. त्यात आधी आई दिसली, पाण्याचा जग घेऊन कशावर तरी हसणारी. मग तिच्याकडे बघत बघत बाबा आले, अख्खे, स्वच्छ.

"थोडं जास्तीचं आलं, वहिनी," काका ओशाळून म्हणाले.

आईची नजर पडद्यावरून हलली नाही.

"जास्तीचं कावून? ते माह्याकडे पाहून राहिले."