तिरुवनंतपुरम, धारेच्या वेळी

लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण मी आणि आमचे हे एकाच रात्री घराबाहेर राहिलो, असं कधी घडलं नव्हतं. कारण गाई. आधी दोन होत्या, मग पाच झाल्या, आता अकरा आहेत. गाईची धार पहाटे पाचला काढायची आणि संध्याकाळी पाचला काढायची. दिवाळी, लग्नसराई, निवडणूक यातलं तिला काही कळत नाही. त्यामुळे एका लग्नाला मी गेले तर दुसऱ्याला हे. दोघांना जावंच लागलं तर यांनी सकाळचं दूध डेअरीला घालून यायचं, टोपी सावरत अक्षता टाकायच्या आणि पंगतीतून उठून पळायचं. संगमनेरच्या आसपास आमच्यासारखी जोडपी पुष्कळ आहेत. फोटोत एकत्र दिसतात आणि गावाला एकेकटी जातात.

सून आली आणि वर्षभरात तिच्या ही गोष्ट ध्यानात आली. पोरगी हुशार. धारा काढायचं मशीन तिने यांच्यापेक्षा चांगलं शिकून घेतलं आणि मग एक दिवस जेवताना जाहीर केलं की, आईदादांना सहा दिवस फिरायला पाठवायचं. मी म्हटलं, शिर्डीला जाऊ. ती म्हणाली, दादा संध्याकाळच्या धारेला परत येतील. मी म्हटलं, मग गोवा. ती म्हणाली, दुसऱ्या दिवशी येतील. तिने मोबाईलवर नकाशा उघडला आणि बोट खाली खाली सरकवत नेलं, ते जमीन संपत आली तिथं थांबवलं.

"तिरुवनंतपुरम. केरळची राजधानी. देव हाय, राजवाडा हाय, समुद्र हाय. आन दादांच्या कितीबी मनात आलं तरी परत यायला दीड दिवस लागंल."

बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी समुद्र पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मला दोनच गोष्टी पाहायच्या होत्या. एक समुद्र, आणि दुसरा हातात काही काम नसलेला माझा नवरा.

आडवी आली ती कालवड. पहिल्या वेताची, गाभण, यांची लाडकी. भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे ती आम्ही परत आल्यावर आठवड्याने व्यायची होती. पण यांचा कॅलेंडरवर विश्वास नाही. पहिलं वेत कधी अडेल सांगता येत नाही, पोरांनी अडलेली गाय पाहिलेली नाही, डॉक्टर वेळेवर मिळेलच असं नाही, असं सगळं पुण्याच्या एसटीत बसल्यापासून सुरू झालं. रेल्वेत बसल्यावरही थांबलं नाही. बाहेर सोलापूर गेलं, आंध्रातली तांबडी माती गेली, दुसऱ्या दिवशी नारळ सुरू झाले. यांच्या हिशेबात फक्त तीन धारा गेल्या. प्रत्येक धारेच्या वेळी मुलाला फोन. त्याच डब्यातल्या एका बाईंनी मला हळूच विचारलं की घरी कोणी आजारी आहे का. मी म्हटलं, नाही, घरी सगळे बरे आहेत, आजारी इथं बसलेत.

आमचं लॉज पद्मनाभाच्या देवळामागच्या एका गल्लीत होतं. उतरत्या कौलांची घरं, प्रत्येक घरापुढं एखादं तरी फणसाचं नाहीतर केळीचं झाड, आणि हवा अशी दमट की धुतलेलं पातळ वाळायचं नाव घेईना. पहिल्या पहाटे साडेचारला खोलीत खुडबुड झाली. बघते तर हे अंधारात पलंगाखाली हात घालून गमबूट शोधत होते. आपण कुठं आहोत ते कळल्यावर पलंगावर बसले आणि मांडीवर हात ठेवून उजाडायची वाट बघत राहिले. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

त्या देवळात पुरुषांनी अंगातला सदरा काढायचा आणि कमरेला पांढरं वस्त्र गुंडाळायचं असा नियम आहे. टोपी काढायला यांनी बराच वेळ लावला. चारचौघांत उघड्या अंगाने आणि उघड्या डोक्याने मी यांना प्रथमच पाहत होते. मनगटापर्यंत हात काळे, मान काळी, आणि मधलं अंग गोरंपान. टोपीची रेघ कपाळावर पट्टीने आखल्यासारखी. लाजून रांगेत माझ्या मागं लपायला बघत होते, तेव्हा मला हा माणूस फार आवडला. एकतीस वर्षांत हे मी यांना सांगितलेलं नाही, इथं लिहून टाकते.

आत देव शेषावर झोपलेला आहे आणि इतका लांब आहे की एका दारातून दिसत नाही. तीन दारं आहेत. पहिल्यातून मुख दिसतं, दुसऱ्यातून नाभी, तिसऱ्यातून पाय. समयांच्या उजेडात मी हात जोडून उभी होते, डोळे भरून आले होते, तेवढ्यात हे माझ्या कानाशी आले.

"याला धार न्हाई काढायची सकाळी," म्हणाले.

देवळासमोर एक जुनं घड्याळ आहे. त्यावर दाढीवाल्या माणसाचा चेहरा आहे, आणि दर तासाला दोन्ही बाजूंनी दोन एडके येऊन त्याच्या गालांवर धडक देतात. आम्ही अकरा वाजेपर्यंत खाली उभे राहिलो. एडक्यांनी ठोके दिले तसे हे खूश झाले आणि म्हणाले की आपल्याही घरी असंच आहे, एका बाजूने बायको आणि दुसऱ्या बाजूने सून. मी म्हटलं, तरी तुमचं तोंड जागेवर आहे. त्या सकाळी दोन तास गाईचं नाव निघालं नाही. राजवाड्यातले लाकडात कोरलेले घोडे यांनी एकेक करून पाहिले, खांबांना हात लावून बघितला, लाकूड कुठलं ते पहारेकऱ्याला खुणेनं विचारलं. मला वाटलं, आता माणूस ताळ्यावर आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला. कालवडीने वैरण सोडली होती, कास उतरली होती, ऊठबस करत होती. दिवसांआधीच व्यायला बसली होती. यांनी फोन ठेवला आणि पिशवीत कपडे भरायला घेतले. मग खाली जाऊन लॉजवाल्याला आजच्या गाडीचं विचारून आले. ज्या माणसाने पुण्यापलीकडची रेल्वे या खेपेला पहिल्यांदा पाहिली, तो विमानाचंही विचारून आला होता. गाडी संध्याकाळची होती, घरी पोचायला परवाची सकाळ झाली असती. तोवर कालवड व्याली असती, नाहीतर काय व्हायचं ते झालं असतं. ते त्यांनाही कळत होतं, पण पाय थांबत नव्हते.

त्या संध्याकाळी आम्ही समुद्रावर जाणार होतो. सूर्यास्त बघायचा म्हणून मी तो दिवस मुद्दाम राखून ठेवला होता. माझा राग डोक्यात गेला. मी भांडले नाही, आवाजही चढवला नाही.

"तुमी जा," मी म्हटलं. "मी समुद्र बघूनच येनार. एकलीच बघते."

 यांनी पिशवी पलंगावर ठेवली आणि टोपी घालून बसले. मी तोंड धुऊन, पातळ बदलून न्हाणीतून बाहेर आले तर खोली रिकामी. पिशवी जागेवर, माणूस माझ्या हातावर तुरी देऊन गायब. पाच वाजायला आले होते.

मी थेट गल्लीत उतरले आणि फार शोधावं लागलं नाही. चार घरं सोडून एका अंगणात फणसाखाली गाय बांधलेली होती, आपल्याकडच्या मोठ्या वासराएवढीच, तांबडी. घरची बाई उकिडवी बसून धार काढत होती आणि आमचे हे गाईच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत शेजारी उभे होते. हे मराठीत बोलत होते, ती मल्याळममध्ये, आणि दोघांचं झकास चाललं होतं. गाय मान लांब करून डोळे मिटत होती. मला बघून बाईने हसून पेलाभर दूध पुढं केलं. मी ते प्यायले, तिला नमस्कार केला आणि यांना दंडाला धरून रिक्षात घातलं.

रिक्षा गर्दीत तासभर अडकली आणि शंखुमुखमच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सूर्य बुडून गेला होता. आकाशात नुसता तांबूस पट्टा उरला होता. तरी समुद्र होता. मी दगडी कठड्याजवळ गेले. एवढं पाणी आणि कुणाच्या शेताला त्यातलं थेंबभर नाही, हा विचार पहिला आला. मग तोही गेला आणि मी नुसती बघत राहिले. हे माझ्याशेजारी कठड्यावर बसले, मोबाईल तळहातावर धरून.

फोन वाजला. मुलाचा होता. कालवड व्याली होती, कालवडच झाली होती. वासराचे पाय आधी दिसले तेव्हा सुनेने हाताला तेल लावून सावकाश ओढून घेतलं, डॉक्टर यायच्या आत सगळं उरकलं. हे एकेक विचारत गेले. वार पडली का. पडली. वासराला चीक पाजला का. पाजला. गाईला गूळ-बाजरी दिली का. दिली. बाकीच्यांच्या धारा? त्याही झाल्या होत्या, दूध डेअरीला गेलं होतं. विचारायचं संपलं तेव्हा हे "बरं" म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

मला वाटलं, आता खुलतील. पण यांचा चेहरा उतरला होता. माझ्याकडं न बघता, पाण्याकडं तोंड करून बोलले.

"तुझं वडील गेलं त्या दिशी मी थांबाया पायजे हुतं. चाललं असतं."

माझं माहेर कोल्हारचं. वडील गेले त्याला एकोणीस वर्षं झाली. यांनी खांदा दिला, प्रवरेच्या काठावर सगळं होईपर्यंत उभे राहिले, नदीत अंघोळ केली आणि ओल्या कपड्यांनिशी मोटरसायकलला किक मारली, कारण चार वाजले होते.  माझी आईच सगळ्यांना सांगत होती की जनावरांचं असतं, त्यांना जाऊ द्या. मी ओट्यावर बसून यांची पाठ पाहिली होती आणि डोळ्यांतलं पाणी आटलं ते आटलंच. पुढं दहाव्याला, तेराव्याला, नंतरही कधी, वडिलांसाठी मला रडू आलं नाही. यांना मी त्याबद्दल एका शब्दाने बोलले नव्हते. यांच्या ते ध्यानात तरी असेल, असंही मला कधी वाटलं नव्हतं.

जाऊ द्या आता, असं म्हणायला हवं होतं. बायका म्हणतात तसं. पण माझ्या तोंडून ते निघालं नाही.

"व्हय," मी म्हटलं. "थांबाया पायजे हुतं."

त्यांनी मान हलवली. उठले नाहीत, घड्याळ पाहिलं नाही. अंधार पडत चालला होता, लाटा येत होत्या, चणे-फुटाणेवाला दोनदा पुढून जाऊन आला, आणि हे माझ्याशेजारी तसेच बसून होते. मग मी पदर तोंडावर घेतला आणि वडिलांसाठी पोटभर रडले.