तिसऱ्या दिवशी तुटणारा बोल्ट

मॅडमच्या डब्याच्या पिशवीत पोळीभाजीसोबत एखादा तुटका बोल्ट हमखास असायचा. यवतमाळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या धातुशास्त्र शिकवायच्या, मी वर्कशॉप सांभाळायचो. जेवता जेवता त्या बोल्ट भिंगाखाली धरायच्या आणि विचारायच्या, "सांगा भाऊ, हा तुटला की तोडला?" मला कधीच सांगता आलं नाही.

त्यांचं माहेर बाभुळगावचं. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलायच्या, पण संगणकासमोर बसल्या की घरची बोली यायची. पोलादात शिरलेला हायड्रोजन त्याला आतून ठिसूळ कसा करतो, भेग कुठून सुरू होते आणि किती वेळात वाढते, हे त्या संगणकावर मांडून बघत. एकेक गणित दोन-दोन दिवस चाले. तेवढा वेळ पडद्यावर चिठ्ठी असायची, 'हात लावू नये. पोलाद शिजून राह्यलं.' प्राचार्य थट्टेने विचारायचे, "किती शिट्ट्या झाल्या?" मॅडम मान वर न करता म्हणायच्या, "कच्चं आहे अजून, सर."

एका हंगामात माझ्या ओळखीचा रामदास फडक्यात चार तुटके बोल्ट बांधून आला. मारेगावकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो फिटर होता. रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसचे नवे बोल्ट बसवल्यावर दोन-तीन दिवसांनी, प्रेस बंद असतानाच, तुटत होते. एका बोल्टचं डोकं उडून कामगाराच्या कानाजवळून गेलं होतं. रामदास पाना जास्त ओढतो, असं म्हणून मालकाने सगळ्यांसमोर त्याला घरी पाठवलं होतं.

"मॅडम, वीस वर्षं हेच काम करून राह्यलो," तो म्हणाला. "मले हाताचा अंदाज हाय."

मॅडमने एकच विचारलं, "नवे बोल्ट चमकतात का?"

चमकत होते. जुने काळे होते, नव्यांवर जस्ताचा मुलामा होता. मुलामा देण्याआधी बोल्ट ॲसिडमध्ये बुडवतात. तिथे हायड्रोजन आत शिरतो आणि बोल्ट ताणला की जिथे ताण जास्त, तिथे हळूहळू गोळा होतो. मॅडमने त्या बोल्टची मापं संगणकात घातली. दोन दिवसांनी उत्तर आलं. भेग डोक्याखालच्या कोपऱ्यातून निघणार आणि तिसऱ्या दिवशी बोल्ट तुटणार.

मालकाला बोलावलं. "हे तर नुसतं चित्र झालं," तो म्हणाला.

"मग खरे बोल्ट लावू," मॅडम म्हणाल्या.

मुलामा नुकताच दिलेले सहा बोल्ट आणले. तीन आमच्या भट्टीत दिवसभर तापवले, म्हणजे आतला हायड्रोजन निघून जाईल. सहाही जाड ठोकळ्यात आवळले. पाना मालकाच्याच माणसाने ओढला, ताण मोजून. वर जाळी टाकली आणि मॅडमने फळ्यावर आपलं भाकीत लिहिलं.

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही नाही. मॅडमने डबा उघडला नव्हता. मी म्हटलं, "थोडं खाऊन घ्या." त्या म्हणाल्या, "भाऊ, मी चुकली तर रामदास कायमचा घरी बसन."

सव्वातीनला जाळीवर एका बोल्टचं डोकं आदळलं. संध्याकाळपर्यंत न तापवलेले तिन्ही गेले, तिन्ही डोक्याखालीच. तापवलेले तीन जागच्या जागी होते.

मालक भला होता. रामदासला म्हणाला, "उद्यापासून ये." मॅडमने मालकाला थांबवलं. "ज्यांच्यासमोर दोष दिला, त्यांच्यासमोर सांगा." दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना, फाटकाजवळ सगळे कामगार उभे असताना, मालकाने सांगितलं की चूक बोल्टची होती, रामदासची नव्हती. रामदासने टोपी काढून पुन्हा घातली आणि सरळ प्रेसकडे गेला. त्या हंगामात तापवून घेतलेला एकही बोल्ट तुटला नाही.

पुढच्या वर्षी मॅडम एका मोठ्या संशोधन संस्थेत गेल्या. कॉलेजातला शेवटचा तास त्यांनी घेतलाच नाही, तो रामदासला दिला. बोल्ट कसा आवळायचा, हात कुठे थांबवायचा, हे तो तासभर वऱ्हाडीत सांगत राहिला. मॅडम शेवटच्या बाकावर बसून वहीत उतरवून घेत होत्या.