शिपाईमामा आणि सिंह

काळेवाडीतल्या आमच्या वाचनालयाचे शिपाईमामा वर्षभर ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करतात. पंखा कुरकुरला तरी त्याच्यावर डोळे वटारतात.

परवा तिथल्या मुलांच्या कलामहोत्सवात माझी लेक नाटकात सिंह झाली, पण डरकाळी काही फुटेना. सांगून टाकतो, दोष माझाच. मी रात्रपाळीवाला, दिवसा झोपता यावं म्हणून मीच पोरीला घरात कुजबुजायची सवय लावली.

तेवढ्यात मागून मामांनीच डरकाळी फोडली. खिडकीतली कबुतरं उडाली. "आता तू, बाळा! छत हललं पाहिजे!"

तिनं अशी डरकाळी फोडली की पहिल्या रांगेतली आजी खुर्चीसकट मागं सरकली. मी सवयीनं बोलून गेलो, "अगं, हळू!"

मामांनी माझ्याकडं वळून ओठांवर बोट ठेवलं. "श्शऽऽ! सिंह बोलतोय, राव."