आक्काची दोन मिनिटं

निपाणीच्या आमच्या गल्लीतल्या बायकांनी एका रविवारी मला सरळ सांगितलं, की या वेळेला तू बोलायचं नाहीस. मी उडालेच. त्यांच्या वतीनं बोलणं हे तर कैक वर्षं माझंच काम होतं. मी याच गल्लीतली, विड्या वळणाऱ्या आईची मुलगी. शिकले, बेळगावच्या एका कॉलेजात शिकवायला लागले, तिथंच अनगोळ भागात घर केलं, आणि दर रविवारी येऊन बायकांच्या संघटनेचं लिहिणं-बोलणं बघायला लागले. धारवाड, बेंगळूर, दिल्ली, कुठंही माइक दिसला की मी हजर. आता तर थेट जिनिव्हाचं बोलावणं आलं होतं. आपल्या देशातल्या बायकांचं कसं चाललंय याचा अहवाल तिथं संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढं सरकारं मांडतात, आणि आमच्यासारख्या संघटना 'तसं नाही हो, असं आहे' म्हणत आपला वेगळा अहवाल घेऊन जातात. दिल्लीतल्या एका संस्थेनं आम्हाला दोन जागा दिल्या होत्या. बोलायला मात्र दोनच मिनिटं. मी मनातल्या मनात साडीसुद्धा ठरवून टाकली होती, खोटं कशाला सांगू?

"तू ग्वाड बोलतीस गं," शेजारची आक्का म्हणाली, "पर तू बोलाय लागलीस की आमचं दुखणं इस्त्री करून आल्यागत वाटतंय. ह्या टायमाला मी जाणार. माझ्या तोंडानं सांगणार."

आक्का माझ्या आईच्या बरोबरीची. सूप मांडीवर घेऊन विड्या वळण्यात तिचा जन्म गेला. पानावर तंबाखू पसरायची, चिमटीत गुंडाळायची, दोरा बांधायचा. असं करता करता तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या, आणि आता रेशन दुकानातलं मशीन तिचा अंगठा घेत नव्हतं. मशीनच्या मते ही बाई ती नव्हेच. गल्लीत अशा कितीतरी जणी होत्या. महिन्यातून दोन-दोन खेपा घालायच्या, अंगठा दाबून दाबून दमायचं आणि रिकामी पिशवी घेऊन परत यायचं. आक्काला हे स्वतः जाऊन सांगायचं होतं. मी थोडा वेळ फुगून बसले. मग म्हटलं, बरं बाई, मी निदान तुझं इंग्रजी करायला येते.

पुढच्या रविवारी मी व्हिसाचे नियम वाचून दाखवायला बसले आणि तिसऱ्या ओळीवर अडखळले. दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतील. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "बोटं उमटत न्हाईत हे सांगाय जायाचं, तर आदी बोटं उमटवून दावा?" आणि असा हशा फुटला, की एकीच्या सुपातली तंबाखू सगळीकडं उडाली आणि आम्ही हसता हसता शिंकायला लागलो.

पण आक्का हटली नाही. बेंगळूरच्या व्हिसा केंद्राची तारीख तीन आठवड्यांवर होती. तोवर तिनं एकही विडी वळायची नाही, रेषा परत उगवतात का बघायचं, असं ठरलं. तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्यांनी वाटून घेतल्या. बोटांवर रोज नवा उपचार. एक लोणी चोळी, दुसरी कोरफड, तिसरीची सून नर्स होती ती ग्लिसरीन पाठवी. मी कॉलेजातून शाईचं पॅड पैदा केलं. संध्याकाळी जुन्या पेपरच्या कडेला आक्काचा अंगठा उमटवायचा आणि दहावीचा निकाल लागल्यासारखी सगळी गल्ली त्यावर वाकायची. एके दिवशी मधोमध एक बारीक रेघ दिसली. त्या रेघेसाठी त्या संध्याकाळी घाणाभर भजी तळली गेली.

आक्काचे मात्र हाल होते. रिकामे हात तिला सोसेनात. ती बसची तिकिटं वळी, लग्नपत्रिकेचा कोपरा वळी, एकदा तर नातवाचा गृहपाठच वळून ठेवला होता. भाषणाची तालीमही विडीवरच चाले. आक्का म्हणाली, "दोन मिन्टं म्हंजे चार इड्या." मग ती बोलायची, समोर शेजारीण वळायची, आणि चौथ्या विडीला दोरा बसला की सगळ्याजणी ओरडायच्या, "टैम!" पहिल्या दिवशी आक्का सतरा विड्या बोलली.

बेंगळूरला जायच्या दिवशी गल्ली बसस्टँडवर लोटली. आम्ही बसनं बेळगावला आलो, तिथून सकाळची रेल्वेगाडी धरली. गाडी सुटल्यावर आक्कानं दशम्यांची पिशवी उघडली, तर दशम्यांच्या खाली कातरलेली पानं, तंबाखूची पुडी आणि दोरा. वाटेला लागलेल्या बाईचे हात रिकामे नकोत, ही आमच्या गल्लीची रीत; कुणीतरी मायेनं घातलं होतं. आक्कानं वर्तमानपत्र पसरलं. मीही हात पुढं केला. आईनं लहानपणी शिकवलेलं अजून जमतंय का बघावं म्हणून एक वळली, मग दुसरी. मग आमची शर्यत लागली. समोरचे आजोबा कौतुकानं बघत होते. आक्का पुढं, मी मागं, आणि दोघी लहान मुलींसारख्या खिदळत होतो. हुबळी आली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आक्काकडं बघितलं, आक्कानं अंगठ्याकडं बघितलं.

"मेलो की गं," ती म्हणाली. उरलेल्या वाटेत मी तिच्या बोटांना दशमीवरचं तूप चोळत होते.

व्हिसा केंद्रातल्या काचेमागच्या मुलीनं आक्काची बोटं मशीनवर ठेवली, पुसली, परत ठेवली. डावा हात कसाबसा आला. उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काही येईना. "बरताइल्ला अम्मा," ती कन्नडमध्ये म्हणाली, येत नाहीये. "गोत्तु," आक्का म्हणाली, माहितीय मला. मग दोघींचं कन्नडमधून जे सुरू झालं! विडी कशी वळतात, तंबाखू कुठं असते, रेशनचं मशीन कसं हाकलतं. मुलीनं वरच्या साहेबांना बोलावलं, आणखी चार वेळा दाबून बघितलं, आणि शेवटी काम करून करून ठसे झिजलेत असा शेरा मारून कागद पुढं पाठवला. पंधरा दिवस माझ्या जिवात जीव नव्हता. पासपोर्ट व्हिसासकट परत आला, तेव्हा गल्लीत फटाक्यांची माळ लागली.

जिनिव्हाच्या त्या भल्यामोठ्या सभागृहात आक्का नऊवारीवर स्वेटर घालून बसली होती. कानातल्या यंत्रात सहा भाषा येत. दिवसभर ती रेडिओसारखं बटण फिरवत होती आणि दर थोड्या वेळानं मला सांगत होती, "ह्यात बी मराटी न्हाय." आमच्यासारख्यांना नियम असा, की आपल्या भाषेत बोला, पण भाषांतर करणारं माणूस आपलं आपण आणा, आणि त्याचा वेळही दोन मिनिटांतच धरा.

आमची पाळी आली. माइकचा दिवा लागला. आक्कानं पदर सारखा केला.

"मी निपाणीची. इड्या वळती. रेशनच्या मशीनवर माझं बोट उमटत न्हाय. मशीन म्हणतंय मी न्हायच."

मी इंग्रजी केलं. सवयीनं त्यात चार जड शब्द घातले, ओळख पडताळणी, यंत्रणेतली त्रुटी वगैरे. आक्कानं माझ्याकडं मान वळवली आणि माइकमध्येच म्हणाली, "एवडं लांब मी कुटं बोल्ले?" आपल्याकडची चार माणसं हसली. मी घामाघूम.

मग तिनं दोन्ही हात वर केले, पंजे समोरच्यांकडं करून. "मी हाय. ही बगा."

हे मी दोनच शब्दांत सांगितलं. सगळं सभागृह त्या हातांकडं बघत होतं. पाठ केलेलं शेवटचं वाक्य आक्का विसरली, की तिनं मुद्दाम टाकलं, मला आजही ठाऊक नाही. ती म्हणाली, "आन फुडच्या टायमाला हिला मदी घालू नका. माझी बोली कळंल असं माणूस तुमीच बशीवा."

समितीच्या अध्यक्षबाई माझ्याकडं बघत थांबल्या. शेवटचे काही सेकंद उरले होते. एवढ्या गर्दीत ते वाक्य मला आणि मघाशी हसलेल्या त्या चौघांनाच कळलं होतं. मी 'आपले आभार' म्हणून गप्प बसू शकले असते. मला लागलं होतं, अगदी आत लागलं होतं, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला होता की खुर्चीवर बसवेना.

"पुढच्या वेळी हिला मध्ये घालू नका," मी माझ्याच तोंडानं इंग्रजीत सांगितलं, "माझी भाषा कळणारं माणूस तुम्हीच बसवा." आणि दिवा विझला.

लोक हसले, मग टाळ्या वाजवायला लागले. मला हसू आवरेना, डोळेही आवरेनात. आक्कानं कोपरानं ढोसलं.

"खरं सांगिटलंस का गं?"

"व्हय आक्का," मी म्हटलं, "तू म्हणालीस तसंच."