सुनंदाच्या चौकशीला आलेले पाहुणे

माझ्या धाकट्या बहिणीची बढती मी एकट्यानं, घरबसल्या, दोन प्लेट पोहे खर्चून अडवली.

सुनंदा हवाई दलात विंग कमांडर. सोलापुरातच इंजिनिअरिंग केलं, मग रडार, मग उपग्रह. वर कुणाचे उपग्रह कुठं फिरतायत यावर नजर ठेवायची, असं काहीसं काम. (काहीसं म्हणतोय, कारण घरी ती अवाक्षर काढत नाही. आईनं फोनवर विचारलं, आज काय केलंस, तर म्हणते, "जेवले.") आता ग्रुप कॅप्टन होऊन एका नव्या तुकडीची प्रमुख व्हायची होती. त्या जागेसाठी तिनं पंधरा वर्षं जिवाचं रान केलं होतं. आम्हाला मात्र एकच घोर, चाळिशी आली आणि पोरगी अजून बिनलग्नाची.

अशात एका रविवारी एक गृहस्थ दारात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. म्हणाले, सुनंदाताईंबद्दल जरा चौकशी करायची होती. आता आमच्या गल्लीत अनोळखी माणूस पोरीची चौकशी कशाला करतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं! मी बायकोला पोहे टाकायला सांगितले. ते ओळखपत्र काढायला लागले तर मीच हात धरला, म्हटलं, राहू द्या की, माणूस बघून कळतं.

त्यांनी विचारलं, परदेशात कुणी नातेवाईक? आमचे सगळ्यात लांबचे पाहुणे इथं जवळच होटगीला! पण स्थळापुढं घराणं हलकं कसं दाखवायचं? ठोकून दिलं, तीन-चार देशांत हायत, रोज फोन असतात. मग नोकरीचं निघालं. मी म्हटलं, तिचं मन कुठं हाय त्यात, उद्या सोड म्हटलं तर उद्या सोडील. शेवटी त्यांनी पेन थांबवून हळूच विचारलं, कामातलं घरी काही बोलतात का?

"लई मोकळ्या स्वभावाची," मी म्हणालो. "ऑफिसातलं सगळं सांगते. पोटात काही राहत न्हाय तिच्या."

त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. जाताना शेंगाचटणीचा पुडा दिला तर घेतला नाही, तेव्हा वाटलं, मंडळी देण्याघेण्याच्या विरुद्ध दिसतात.

पंधरा दिवसांनी सुनंदाचा फोन आला. "दादा, आपले कोण नातेवाईक परदेशात आहेत?"

मी हसत हसत स्थळाचं सगळं सांगितलं.

"ते सुरक्षा तपासणीचे अधिकारी होते, दादा."

तिनं वरिष्ठांपुढं सगळा खुलासा केला, तिच्यावर ठपकाही आला नाही, पण तोवर ती जागा दुसऱ्याला गेली. ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. भाऊबीजेला ओवाळताना मला तिच्याकडं बघवेना. तिच्या पंधरा वर्षांच्या कष्टांवर मी अर्ध्या तासात पाणी ओतलं, त्याचं वाईट वाटतं, अजून वाटतं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या जागेसाठी पुन्हा चौकशी निघाली. कळल्याबरोबर मी आपणहून आठ दिवस होटगीला मेव्हण्याकडं जाऊन बसलो. सुनंदा ग्रुप कॅप्टन झाली. लोक विचारतात, बहिणीच्या यशात तुमचा वाटा काय? मी खरं तेच सांगतो, मी घरी नव्हतो.